माळ, मीटिंग आणि गोळी: व्यसनमुक्ती व मानसोपचारात अध्यात्माची जागा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

व्यसनी माणसांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. समोर बसलेली आई किंवा बायको गोळ्यांबद्दल एक प्रश्न विचारते आणि देवाबद्दल चार. तेही चाचरत, कारण डॉक्टरांसमोर देवाचं नाव काढलं तर अडाणी ठरू अशी भीती असते. ते प्रश्न अडाणीपणाचे नाहीत, म्हणून सारखे येणारे इथे एकत्र लिहून काढले आहेत.

माळ घातली की दारू सुटते, हे खरं आहे का?

बऱ्याच जणांची सुटते. काहींची कायमची सुटते. तुळशीची माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही, हा वारकऱ्यांचा नेम सगळ्यांना ठाऊक आहे. पण माळेबरोबर आणखी काय काय बदलतं ते नीट बघा. संध्याकाळी सात वाजता जो गुत्त्यावर असायचा तो हरिपाठाला बसतो. लग्नात, हळदीत, बैलगाडा शर्यतीनंतर त्याच्यापुढे ग्लास येत नाही, कारण गावच म्हणतं, "माळकरी आहे तो, त्याला आग्रह करू नका." नाही म्हणायला रोज नवं कारण शोधावं लागत नाही. दिंडीत हाताला टाळ मिळतो, पंगतीत वाढायचं काम मिळतं. आणि वर्षानुवर्षं ज्याला 'बेवडा' म्हटलं गेलं, त्याच्या पाया पडून कुणीतरी 'माउली' म्हणतं.

संगत बदलणं, संध्याकाळ भरून काढणं, नकार द्यायला शिकणं, स्वतःकडे नव्या नजरेनं पाहणं. आम्ही समुपदेशक याच गोष्टींसाठी महिनोन्‌महिने खपतो. दिंडी हे सगळं एकदम देते, आणि फुकट देते. म्हणून माळेला नावं ठेवणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

माळ टिकत नाही ती बहुधा दोन प्रसंगी. एक, घरच्यांनी धरून-बांधून घातलेली असते तेव्हा. दोन, दारूच्या खाली दुसराच आजार असतो तेव्हा: नैराश्य, तीव्र चिंता, बायपोलर (ज्यात मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात जातं). दारू सुटते, पण आतलं जे दारूनं दाबून ठेवलं होतं ते उघडं पडतं. त्याच्यावर उपचार झाले नाहीत तर माणूस परत बाटलीकडे जातो.

मग उद्याच आळंदीला नेऊन माळ घालू का?

रोज पिणारा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं उत्तर मात्र पूर्ण वाचा.

शरीराला रोजच्या दारूची सवय झाली असेल आणि ती एका दिवसात बंद केली, तर त्रास सुरू होतो. पहिल्या काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना डीटी होतो, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स: माणूस बरळू लागतो, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाही, अंग तापतं. उपचार न मिळाल्यास यात जीव जाऊ शकतो.

आता कल्पना करा. देवळात शपथ घेतली, त्याच दिवशी पिणं बंद, तिसऱ्या रात्री माणूस बडबडायला लागला. घरचे म्हणतात, देवाची परीक्षा आहे, नाहीतर बाधा बाहेर पडतेय. अशा वेळी अंगारा लावून थांबू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. डॉक्टर काही दिवस हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या देतात, बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन देतात, आणि बहुतेकांचा हा काळ सुखरूप पार पडतो. आधी कधी सोडताना फिट आली असेल तर घरी प्रयोग नकोच, भरतीच करा.

शपथ मोडत नाही यात. शपथ पाळायला शरीर जिवंत राहावं लागतं.

ब्राऊन शुगरचं, म्हणजे अशुद्ध हेरॉइनचं, थोडं वेगळं आहे. ती बंद केल्यावर हाल फार होतात, पण त्रासानं मृत्यू क्वचित येतो. धोका पुढे असतो. काही आठवडे सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पुन्हा घेताना माणूस जुनाच डोस घेतो. तेवढ्यानं श्वास थांबू शकतो. आश्रमात, शिबिरात महिनाभर राहून 'पूर्ण बरा' होऊन आलेल्या मुलाच्या घरच्यांना हे माहीत असलंच पाहिजे.

'एए'मध्ये देवाला शरण जावं लागतं म्हणे. माझा नवरा देव मानत नाही.

तरीही जाऊ द्या त्यांना. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या मीटिंगची) सुरुवात १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी झाली. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन, दोघेही पिणारे. एक पिणारा दुसऱ्याशी खरं बोलला तर दोघांचाही दिवस कोरडा जातो, हा त्यांचा शोध. त्यातून दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या तयार झाल्या. त्यांत देवाचा उल्लेख आहे, पण 'आम्हाला समजला तसा देव' अशी पुस्ती जोडलेली आहे. ही पुस्ती त्या वेळच्या नास्तिक सभासदांनी भांडून मिळवली. दुसऱ्या पायरीत तर देव हा शब्दच नाही, 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती' एवढंच आहे.

त्यामुळे कुणासाठी ती शक्ती पांडुरंग असते, कुणासाठी येशू, कुणासाठी अल्ला, कुणासाठी निसर्ग. आणि कित्येकांसाठी समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली पंधरा माणसं हीच ती शक्ती. 'मला एकट्याला जमलं नाही, यांच्याबरोबर जमतंय' एवढं मान्य केलं तरी काम सुरू होतं.

यामागे एक किस्सा आहे, मला फार आवडणारा. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी आपल्या एका अमेरिकन रुग्णाला सांगितलं होतं की वैद्यकानं आता तुझ्यासाठी फारसं काही होणार नाही, एखादा खोल आध्यात्मिक अनुभव आला तरच आशा आहे. हा निरोप फिरत फिरत बिल विल्सनपर्यंत पोचला. १९६१ मध्ये बिलनं युंगना आभाराचं पत्र लिहिलं. युंगनी उत्तरात लक्षात आणून दिलं की लॅटिनमध्ये 'स्पिरिटस' हा एकच शब्द सर्वोच्च आध्यात्मिक अनुभवालाही वापरतात आणि घात करणाऱ्या दारूलाही. दारूची तहान ही खालच्या पातळीवरची पूर्णत्वाची तहानच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. स्पिरिटच्या बाटलीवरचं लेबल वाचलं की मला हे आठवतं.

याला शास्त्रीय पुरावा आहे की नुसत्या कहाण्या?

पुरावा आहे. २०२० साली, उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या पद्धतीनं झालेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि साडेदहा हजारांहून अधिक माणसं होती. ठरलेल्या पद्धतीनं 'एए'कडे वळवणारे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के वर्षभरानंतर दारूपासून पूर्ण दूर होते. विचार-वर्तन उपचारासारखे इतर मान्य उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. त्याच्याबरोबर दुसरी बाजूही वाचा: दोन्हीकडे निम्म्याहून जास्त माणसं वर्षात कधीतरी प्यायली. त्यामुळे 'शंभर टक्के खात्री' अशी पाटी कुणी लावली असेल तर तिथून उठा.

हा फायदा कशामुळे होतो, हेही अभ्यासलं गेलं आहे. मोठा वाटा बदललेल्या संगतीचा आणि 'मला जमेल' या भरवशाचा निघाला. अध्यात्माचा वाटा जास्त दिसला तो ज्यांचं व्यसन फार पुढे गेलं होतं त्यांच्यात. मला यात नवल वाटत नाही. घर, नोकरी, अब्रू सगळं गेल्यावर माणसाचा पहिला प्रश्न 'जगायचं कशासाठी' हा असतो.

महाराष्ट्रातल्या केंद्रांत हे कसं चालतं?

एकसारखं नाही, आणि तेच चांगलं आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे माणसाला पेशंट न म्हणता 'रुग्णमित्र' म्हणतात. प्रेमानं वागवलं तर माणूस बदलतो, या श्रद्धेवर त्या घराचा पाया आहे. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन उभं केलं. फादर स्वतः बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथे बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग हातात हात घालून चालतात. चर्चच्या आवारात आसनं घालणारी माणसं बघून ज्यांना प्रश्न पडतो त्यांनी एकदा तिथल्या माणसांशी बोलावं. आणि साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी. अंधश्रद्धा निर्मूलनाला आयुष्य वाहिलेल्या माणसानं दारूच्या प्रश्नालाही तितकंच जवळचं मानलं.

म्हणजे देव मानणाऱ्यांचं आणि न मानणाऱ्यांचं, दोघांचंही व्यसन सुटतं. केंद्र निवडताना मी वेगळ्या गोष्टी विचारायला सांगते: मानसोपचारतज्ज्ञ येतात का, केंद्राची नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, आणि मारहाण किंवा कोंडून ठेवणं होत नाही ना. भजन रोज होतं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

मुलगा म्हणतो देव माझ्याशी बोलतो. ही भक्ती म्हणायची की आजार?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे देवाशी बोलणं ही रोजची गोष्ट आहे. आजी तुळशीशी बोलते, विठ्ठलाशी भांडते. त्यात आजार काही नाही.

मी घरच्यांना असं विचारते. जेवण, आंघोळ, झोप, काम नीट चाललंय का? भक्ती वाढल्यापासून तो माणसांच्या जवळ आला की खोलीत कोंडून घ्यायला लागला? आवाजानं त्याला धीर येतो की तो घाबरतो? आवाज हुकूम करतो का: हे खाऊ नको, त्याच्यात विष आहे, त्याला मार, स्वतःला संपव? त्याच्याच पंथातल्या, त्याच्याच दिंडीतल्या जाणत्या माणसांना त्याचं बोलणं पटतं का, की तेही म्हणतात 'काहीतरी बिघडलंय'? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी पडतो. बुवा-महाराज हा फरक पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी ओळखतात.

हुकूम देणारे आवाज असतील तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तसंच एखादा अचानक दोन तासच झोपू लागला, मी अवतार आहे म्हणू लागला, घरातलं सोनं दान करत सुटला, तर ती उन्मादाची म्हणजे मेनियाची अवस्था असू शकते. गोळ्या सुरू झाल्या की अवतारपण उतरतं. भक्ती राहते. 'औषधानं माझा देव जाईल' असं घाबरून गोळ्या टाळणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

अंगात येणं हा आजार आहे का?

नवरात्रात, गोंधळात, जागरात, ठरलेल्या वेळी अंगात येतं, देवी शांत होते, बाई उठून स्वयंपाकाला लागते. याला कुणी आजार म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातही, समाजानं स्वीकारलेल्या धार्मिक विधीचा भाग म्हणून येणारी अशी अवस्था विकारात धरत नाहीत. ते नको असताना, कधीही, कुठेही होऊ लागलं, त्यानं बाईचे हाल होऊ लागले, तर तो प्रश्न आहे. आणि तेव्हाही 'नाटक करतेय' म्हणू नका. जे तोंडानं बोलता येत नाही ते पुष्कळदा अंगातून बोलतं. सासरी काय चाललंय ते हळुवारपणे विचारा.

दर्ग्यावर, देवऋषीकडे नेणं चूक आहे का?

नेण्यात चूक नाही. तिथे सोडून येणं, बांधून ठेवणं, औषध बंद करणं, यात चूक आहे, आणि यातलं बरंचसं गुन्हाही आहे.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला पहाटे आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळीनं बांधून ठेवलं होतं. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. ही तारीख मला विसरता येत नाही. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळदंड घालायला सरळ बंदी केली. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं त्यात गुन्हा आहे. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्या कायद्यानं हात लावलेला नाही, हेही इथेच सांगते, कारण उलटा समज खूप पसरलाय.

आता दुसरी बाजू. तमिळनाडूतल्याच एका मंदिरात मुक्कामाला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध नाही, मारहाण नाही, बांधणं नाही. देवळात राहायचं, हलकंफुलकं काम करायचं, घरचं माणूस सोबत. लक्षणांच्या मोजपट्टीवर सुमारे २० टक्क्यांची सुधारणा दिसली. अभ्यासकांनी तिचं श्रेय कुठल्या विधीला दिलं नाही, आधार देणाऱ्या, न घाबरवणाऱ्या जागेला दिलं. आपल्या वॉर्डांनी यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुवा' नावानं मानसोपचाराचा दवाखानाच सुरू झाला. मुजावर दुवा करतात आणि दवेसाठी शेजारी पाठवतात. भांडत बसण्यापेक्षा हे किती बरं.

विपश्यना किंवा ध्यान सगळ्यांना चालतं का?

नाही. इगतपुरीसारख्या ठिकाणी दहा दिवस मौन, दिवसाला दहाएक तास ध्यान. निरोगी माणसालाही ते जड जातं. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्य असलेल्याचा आजार यात उसळू शकतो. आयोजकही अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात. तो रकाना खरा भरा. शिबिरासाठी गोळ्या बंद करू नका.

थोडं थोडं, कुणाच्या देखरेखीखाली केलेलं ध्यान मात्र व्यसनात कामाचं आहे. अमेरिकेत अ‍ॅलन मार्लट यांच्या गटानं सजगतेवर आधारित पद्धत बसवली. तलफ ही लाटेसारखी: चढते, टोकाला जाते, ओसरते. तिच्याशी झुंजायचं नाही, तिच्यावर तरंगत राहायचं. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

उपवास आणि गोळ्या?

लिथियम (बायपोलरवरचं औषध) सुरू असेल तर निर्जळी उपवास नको. पाणी कमी पडलं की रक्तात लिथियम वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. रोजा धरणाऱ्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. एकादशीसारख्या उपवासाच्या दिवशी गोळी घेतली तर उपवास मोडत नाही, हे तुमच्या गुरुजींकडून ऐकलं तर रुग्णाला जास्त पटतं. म्हणून त्यांनाही विचारा.

नैराश्यात ती सारखी म्हणते, 'माझ्या पापाची फळं आहेत.' काय बोलावं?

वाद घालू नका, कर्मसिद्धांत समजावू नका. तीव्र नैराश्यात अपराधी वाटणं हे आजाराचं लक्षण आहे, ताप आल्यावर अंग तापावं तसं. 'मागच्या जन्मीचं भोग आता' असं शेजारीण म्हणाली तर तिला दारातच थांबवा. 'जगायला मी लायक नाही' असं ती म्हणाली, तर मरणाचे विचार येतात का ते सरळ विचारा. विचारल्यानं विचार वाढत नाहीत. बोलायला वाट मिळते. आणि तिला एकटं सोडू नका.

डॉक्टरांनी श्रद्धेबद्दल विचारावं का?

विचारावं. जागतिक मानसोपचार संघटनेनं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकेत रुग्णाच्या श्रद्धा जाणून घेणं हा तपासणीचा भाग मानलाय. स्वतःच्या श्रद्धेचा किंवा नास्तिकतेचा प्रचार करू नये, हेही तिथेच आहे. कठीण काळात बळ कशातून मिळतं, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरतो. तुमचे डॉक्टर विचारत नसतील तर तुम्हीच सांगा: 'आम्ही अमक्या महाराजांचं करतो, अंगारा लावतो, गोळ्याही घेतो.' लपवल्यानं कुणाचंच भलं होत नाही.

कुणीतरी देवाच्या नावानं पुडी दिलीय, भाजीत गुपचूप घालायला. घालू?

नाही. पुडीत काय आहे ते देणारा सांगत नाही. डायसल्फिरामसारखं (दारू प्यायल्यास त्रास घडवणारं) औषध असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, काही वेळा मृत्यू. ते औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तरच.

माळ घातली होती, परत प्यायला. आता?

त्याला देवासमोर उभं करून पुन्हा शपथ घ्यायला लावू नका, निदान आज नको. शपथ मोडल्याची लाज हीच पुढच्या क्वार्टरचं कारण होते. 'मी पापीच, मग आणखी प्यायलो तर काय बिघडलं?' हे वाक्य मी अगणित वेळा ऐकलंय. 'एए'त यासाठी एक सवय आहे: पुन्हा आलेल्याचं स्वागत करतात, आणि 'आजच्या दिवसापुरतं' म्हणतात. दिंडीतल्या जुन्या माणसांकडेही हेच शहाणपण असतं. वाटेत मागे पडलेल्याला ते हाताला धरून ओळीत घेतात.

नंतर डॉक्टरांची भेट ठरवा. कधी, कुठे, कुणाबरोबर प्यायला, आधीचे तीन-चार दिवस झोप कशी होती, ते लिहून न्या. तोवर किती दिवस रोज पीत होता हेही सांगा, म्हणजे या वेळी सोडताना औषध लागेल का ते कळेल.

रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा?

मानसिक त्रासासाठी टेलिमानस, १४४१६. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४४६. दोन्ही सरकारी, दोन्ही मोफत. फोनवर मराठीतून बोलायचंय असं आधी सांगा. फिट, बरळणं किंवा बेशुद्धी असेल तर हेल्पलाइनला नाही, १०८ला फोन करा, आणि शेवटचं पिणं किती वाजता झालं ते लक्षात ठेवा. तिथे पहिला प्रश्न तोच येईल.